जुनी स्कायलाइन: चार वर्षांच्या पार्ट्सचा आणि देखभालीचा हिशोब

बॉथेलकर

गेल्या काही महिन्यांत तिघा-चौघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून एकच विचारलं: जपानहून आणलेली जुनी स्पोर्ट्स कार सांभाळायला वर्षाला किती लागतात? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा वहीच इथे उघडतो. बाबा त्यांच्या चेतकच्या डिकीत एक छोटी वही ठेवायचे. प्लग बदलला, क्लचची वायर तुटली, ऑइल टाकलं, सगळं तारीख आणि किलोमीटरसकट. ती सवय मलाही लागली. त्यामुळे पुढचे आकडे आठवून लिहिलेले नाहीत, त्या त्या दिवशी नोंदवलेले आहेत.

गाडी निस्सान स्कायलाइन आर ३२, जीटीएस-टी टाइप एम, १९९१ ची. दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन (आरबी २० डीईटी), कंपनीने दिलेली ताकद २१५ पीएस, पाच गिअर, ड्राइव्ह मागच्या चाकांना, स्टिअरिंग उजवीकडे. ही जीटी-आर, म्हणजे स्कायलाइनची सगळ्यात वरची गाडी, नव्हे. जीटी-आरला आरबी २६ इंजिन, दोन टर्बो आणि चारही चाकांना ड्राइव्ह असतो. तिचे भाव वेगळे आणि तिच्या पार्ट्सचेही वेगळे.

अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी इथल्या सुरक्षा मानकांमधून सुटते, म्हणून २०२१ मध्ये ही आणता आली. लिलावातली किंमत, एजंटची फी, टॅकोमापर्यंतचं जहाज, अडीच टक्के ड्युटी, राज्याचा टॅक्स आणि नंबरप्लेट धरून दारात उभी राहीपर्यंत १८,४०० डॉलर गेले. आमच्या वॉशिंग्टन राज्यात २०२० पासून एमिशन टेस्ट नाही. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी मात्र हा आकडा स्वतःला लावून घेऊ नये. तिथे १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी आहे, आणि बाहेरून आलेली गाडी त्यातून पार करायला वेगळे पैसे बाजूला काढावे लागतात.

आता वही.

पहिलं वर्ष. लिलावाच्या कागदावर ग्रेड ४ (म्हणजे बऱ्या स्थितीतली), मीटरवर १,१२,००० किलोमीटर. जपानी गॅरेजवाले टायमिंग बेल्ट बदलला की इंजिनजवळ तारीख आणि किलोमीटरचा स्टिकर लावतात. माझ्या गाडीत तो नव्हता. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून सगळ्यात आधी तेच काम काढलं. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कॅमची आणि क्रँकची पुढची सील्स: सामान ४२० डॉलर, मजुरी १,३००. कूलंटचे सगळे होज २६०. ब्रेक कॅलिपरची सील किट, ब्रेकचे रबरी होज आणि फ्लुइड १९०, हे घरी केलं. टायर छान दिसत होते, पण कडेवरचा चार आकडी कोड २००९ चा निघाला. चार नवे टायर ६२०. पेट्रोल पंप आणि फिल्टर २१०. बॅटरी १६०. क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर १४०. सहा इग्निशन कॉइल ४८०. एकूण ३,७८० डॉलर, आणि यातल्या एकाही खर्चाने गाडी जोरात पळायला लागली नाही. इतकं झाल्यावर ती फक्त विश्वासाने चालवण्याजोगी झाली.

दुसरं वर्ष. तिसरा गिअर टाकताना करकरायचा. सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) गेले होते. गिअरबॉक्स उतरवून दुसऱ्या आणि तिसऱ्याचे सिंक्रो, बेअरिंग आणि सील्स: सामान ७००, मजुरी १,७००. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तडकली, नवा रेडिएटर ३३०. पुढच्या टेन्शन रॉडचे (पुढचं चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटले होते, ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं. ते आणि इतर काही बुश २८०. एकूण ३,०१०.

तिसरं वर्ष गंजाचं. गाडी खालून काळीभोर, नवीकोरी दिसायची. जॅक लावायच्या जागी एक दिवस पापुद्रा निघाला आणि आत बोट गेलं. गंजावरच काळा थर मारलेला होता. दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये (दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीत) पत्रा कापून नवा वेल्ड करायला २,९००. मागची चाकं वळवणाऱ्या हायकासच्या पाइपमधून गळती होती, ती यंत्रणाच लॉक बार लावून बंद केली, १३०. एकूण ३,०३०.

चौथं वर्ष: दोनदा इंजिन ऑइल, गिअर आणि डिफरन्शियलचं ऑइल, पुढचे ब्रेक पॅड. ६०० डॉलर.

चार वर्षांत १०,४२०. विमा वेगळा, वर्षाला ५४०. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम तिला पुन्हा गाडी करण्यात गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मजुरी आहे. माझ्या मते लोक इथेच चुकतात. ते पार्ट्सचे भाव बघून ठेवतात आणि ते बसवायला लागणारे तास धरत नाहीत. इथे या गाड्या कळणाऱ्या गॅरेजचा तासाचा दर १८० डॉलर आहे.

उलटा अनुभवही सांगतो. पहिल्या हिवाळ्यात गाडी मध्येच गचके द्यायची. एअर फ्लो मीटर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) गेलाय असं वाटून नवा मागवायच्या बेतात होतो. झाकण उघडलं तर आतले सोल्डरचे सांधे तडकलेले. तीस वर्षांच्या थरथरीने ते होतं. एका संध्याकाळी पुन्हा सोल्डर केले. तो मीटर आजही चालतो आहे. खर्च काही नाही.

मृण्मयी (एडिसन)

किती दिवस असं काही वाचायला शोधत होते! मी गेलं वर्षभर आर ३३, म्हणजे पुढच्या पिढीची स्कायलाइन, बघते आहे, जीटीएस २५-टी. इथल्या एका आयातदाराकडे १९९५ ची आहे, २४,००० सांगतोय. गाडी मलाच हवी आहे, चालवणार मीच, म्हणून प्रश्न विचारते. एक, पार्ट्स प्रत्यक्षात मागवता कसे? दोन, यायला किती दिवस लागतात? तीन, रोज ऑफिसला नेता येईल का?

बॉथेलकर

मृण्मयी, पहिली गोष्ट चासी नंबर. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला १७ जागांचा व्हीआयएन (इथल्या गाड्यांचा ओळख क्रमांक) नसतो. माझी एचसीआर ३२ ने सुरू होते, तुमची ईसीआर ३३ ने होईल. त्या नंबरवरून निस्सानच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या गाडीचा उत्पादन महिना कळतो. हा महिना फार महत्त्वाचा, कारण एकाच मॉडेलमध्ये मध्येच पार्ट बदललेले असतात. निस्सानचा पार्ट नंबर दहा जागांचा असतो आणि पहिले पाच आकडे तो पार्ट कसला ते सांगतात. १५२०८ म्हणजे ऑइल फिल्टर, मग गाडी कुठलीही असो. एकदा हे अंगवळणी पडलं की जपानी कॅटलॉग वाचायला भाषा आड येत नाही.

मी आमायामा आणि नेंगुन या पार्ट्स विकणाऱ्या वेबसाइटवरून मागवतो. साधी सील्स, गॅस्केट, बुश दोन-तीन आठवड्यांत येतात. क्लचचा मास्टर सिलिंडर नऊ आठवड्यांनी आला आणि तेवढा काळ गाडी जॅक स्टँडवर उभी होती. यावरूनच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ही घरातली एकमेव गाडी असेल तर घेऊ नका. दुसरी साधी गाडी दाराशी असेल तर हिच्यावर प्रेम करता येतं.

आणखी एक ताजी अडचण. २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलवरची ड्युटीची सूट अमेरिकेने बंद केली. पूर्वी चाळीस डॉलरचं एक सील सहज मागवायचो. आता लहान पार्सलवरही ड्युटी आणि कुरिअरची हाताळणी फी बसते. म्हणून मी यादी साठवतो आणि वर्षातून दोनदाच मोठी ऑर्डर टाकतो.

पण सगळंच जपानहून आणायला लागत नाही. टायमिंग बेल्ट आरबी २०, २५ आणि २६ या तिन्ही इंजिनांना एकच चालतो, इथे मिळतो. माझ्या ब्रेकचे पॅड इथे विकल्या गेलेल्या निस्सान ३०० झेडएक्सला लागतात तेच आहेत. ९० च्या दशकातल्या निस्सान आपसात बरंच वाटून घेतात, ते शिकून घेतलंत तर खूप पैसे वाचतील.

मिल्टन कीन्सवाला

इंग्लंडमधून माझीही भर. १९९२ ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानी बाजारातली माझ्दा एमएक्स-५, १.६ लिटर. स्कायलाइनपुढे ताकद कमी, पण जपानी स्पोर्ट्स कार सांभाळण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे असं माझं मत. ३,८०० पौंडांना घेतली. हिच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत, त्यामुळे ती धास्ती नाही. बेल्ट आणि वॉटर पंप २८० पौंडांत झालं. टायर १८५/६० आर १४, अगदी साधे.

खर्च होतो तो गंजावर. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. त्यात या गाडीची एक खोड आहे: कापडी छताचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी, मातीने तुंबल्या की पाणी सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काही उरलेलं नसतं. माझ्या दोन्ही मागच्या सिलचं वेल्डिंग १,३५० पौंड. त्यानंतर दर महिन्याला लवचिक प्लास्टिकची काडी घालून नळ्या मोकळ्या करतो. पाच मिनिटांचं काम आहे. आधीच्या मालकाने ते केलं असतं तर ते वेल्डिंग लागलंच नसतं.

विमा सोडून वर्षाला सरासरी ९०० पौंड धरा. लंडनमध्ये मात्र नेत नाही, युलेझच्या (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या क्षेत्राच्या) हद्दीत दिवसाला साडेबारा पौंड पडतात.

कर्वेनगर

धागा अधाशासारखा वाचला. पुण्यात अशी एखादी आणता येईल का? कितीही कर भरायची तयारी असली तर?

बॉथेलकर

नाही हो. मी स्वतः परत येताना घेऊन यायचा विचार केला होता, तेव्हा खोलात गेलो होतो. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी असेल तरच सहज येते. दोन्ही नियम एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. त्यामुळे ३० वर्षांची स्कायलाइन पुण्यात कायमची नोंदवणं या वाटेने होत नाही. परतायची वेळ येईल तेव्हा हिला इथेच कुणा चांगल्या माणसाच्या हाती द्यावं लागेल. त्याचं मला वाईट वाटतं.

शिरोली एमआयडीसी

मी कोल्हापूरचा. तीस वर्षं लेथवर आणि नंतर हेड फेसिंगच्या (इंजिनाच्या वरच्या भागाचा पृष्ठभाग घासून सपाट करायच्या) मशीनवर काढली, आता मुलगा बघतो. या गाड्या मी हाताळलेल्या नाहीत, पण बीडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड असलेली इंजिनं खोलून आयुष्य गेलं, म्हणून बोलतो.

जुनं इंजिन एकदा जरी तापलं असलं तरी हेड वाकतं. ब्लॉक बीडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, दोन्ही सारखी फुगत नाहीत. सहा सिलिंडरचं हेड लांब, म्हणजे वाकायला वाव जास्त. हेड उतरवलंच तर स्ट्रेट एज उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या बाजूंनी ठेवून फीलर गेज घालून बघा. वाक असेल तरच फेसिंग, आणि लागेल तेवढंच. जास्त उतरवलं की कॉम्प्रेशन वाढतं, टर्बो इंजिनाला ते मानवत नाही. बेल्टचं अंतर कमी होऊन कॅमचं टायमिंगही थोडं सरकतं. आणि फेसिंगआधी प्रेशर टेस्ट करून घ्याच. तडा गेलेल्या हेडला फेसिंग करून पैसे घेणारे असतात. मी गिऱ्हाइकाला परत पाठवायचो.

बॉथेलकर, बुश कसले घातलेत, रबराचे की पॉलीयुरेथिनचे?

बॉथेलकर

काका, नमस्कार. टेन्शन रॉडला पॉली घातले, बाकी कंपनीचे रबरी.

शिरोली एमआयडीसी

बरं केलंत. रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेला असतो, तो जागेवर पिळतो. म्हणून बोल्ट आवळताना गाडीचं वजन चाकांवर पाहिजे. लिफ्टवर लटकत असताना आवळलात तर खाली उतरवल्यावर बुश कायम पिळलेलाच राहतो आणि वर्षात फाटतो. पॉलीचा बुश जागेत फिरतो, त्याला ग्रीस लागतं, नाहीतर चिमणीसारखा ओरडतो. आणि रस्त्याचा प्रत्येक खडा अंगात आणून सोडतो. घरच्या गाडीला सगळीकडे पॉली घालू नये, हे माझं मत.

कॅलिपरचे पिस्टन गंजले असतील तर नवीन मिळेपर्यंत थांबा किंवा चांगल्या लेथवाल्याकडून स्टेनलेसचे करून घ्या. पण माप मायक्रोमीटरने घेऊन, फिनिश आरशासारखं. ब्रेकचं काम आहे.

बॉथेलकर

काका, चाकांवर वजन ठेवून आवळायचं हे मला माहीत नव्हतं. मागच्या आर्मचे बुश मी लिफ्टवरच आवळले होते. या शनिवारी रॅम्पवर घेऊन सगळे सैल करतो आणि पुन्हा आवळतो. मनापासून आभार.

ऑकलंडची आरती

आमच्याकडे, न्यूझीलंडमध्ये, जपानहून आलेली गाडी हा नेहमीचाच प्रकार. स्टिअरिंगही योग्य बाजूला. माझ्या नवऱ्याची माझ्दा आरएक्स-७ आहे, एफडी, १९९३ ची. हिशोब मी ठेवते.

कुणी रोटरी इंजिनाच्या प्रेमात असेल तर एवढं नीट वाचा. या इंजिनात पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर आहेत, आणि प्रत्येक रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील असतं. ती झिजली किंवा तुटली की इंजिन खोलायचं. साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो, कारण तो तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो, जो तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे देतो. आम्ही घेताना साध्या गेजवर विश्वास ठेवला. चौदा महिन्यांनी रीबिल्डला ११,००० न्यूझीलंड डॉलर मोजले. गाडी घेण्याआधीची नीट टेस्ट दोनशेच्या आसपास झाली असती.

दुसरं म्हणजे उष्णता. बॉनेटखाली दोन टर्बो एकामागून एक चालू होतात, आणि ती अदलाबदल व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांच्या जाळ्यावर चालते. तीस वर्षं तापून नळ्या लाकडासारख्या कडक झालेल्या असतात. एक नळी निसटली की दुसरा टर्बो लागतच नाही आणि माणूस टर्बो बदलत बसतो. आम्ही एका सुट्टीत सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या टाकल्या, एकेक काढून एकेक घालत, फोटो काढत. सामान ९० डॉलरचं, वेळ तीन दिवस. कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लास्टिकची छोटी टाकीही ॲल्युमिनियमची करून घ्या. ती तडकली की इंजिन तापतं आणि कूलंटची सील्स जातात, म्हणजे पुन्हा रीबिल्ड.

रोटरी इंजिन स्वतःच थोडं ऑइल जाळतं, तशीच त्याची रचना आहे. दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक बघायची. मी गाडी वापरते तेव्हाही बघते. आणि थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत बंद करायचं नाही, प्लग भिजतात.

इतकं करूनही सांगते, रविवारी सकाळी वायटाकेरेच्या घाटात ती गाडी साडेसात हजार आरपीएमपर्यंत फिरते तेव्हा तो खर्च मला जड वाटत नाही.

निशिकासाई

मी तोक्योत राहते, दहा वर्षं. गाडी नाही, पण माझ्या ऑफिसचं काम वाहनांच्या कागदपत्रांचंच आहे, म्हणून या बाजूने लिहिते.

इथे नव्या गाडीची शाकेन तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. पेट्रोल गाडी १३ वर्षांची झाली की वाहनकर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, वजनावरचा करही वाढतो. त्यामुळे शाकेन जवळ आलं की बरेच जण गाडी विकून मोकळे होतात. विकणारा माणूस शेवटच्या दोन वर्षांत तिच्यावर पैसे घालत नाही. बॉथेलकरांचं पहिलं वर्ष महाग का गेलं, त्याचं एक कारण हे असू शकतं.

लिलावाचा कागद मागाल तेव्हा ग्रेडवर थांबू नका, गाडीचं चित्र बघा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजाने खाल्लेला पत्रा, डबल एक्स म्हणजे बदललेला भाग. पुढचा आकडा वाढला की दोष मोठा. ग्रेडच्या जागी आर असेल तर अपघातातून दुरुस्त झालेली. गाडी होक्काइदो, आओमोरी, निइगाता अशा बर्फाच्या भागात नोंदलेली होती का, हेही विचारा. तिकडे रस्त्यावर मीठ असतं.

सगळ्यात महत्त्वाचं: ग्लव्ह बॉक्समध्ये तेन्केन किरोकुबो आहे का ते विचारा. म्हणजे तपासणीची नोंदवही. प्रत्येक शाकेनला काय बदललं, किती किलोमीटरला, कुठल्या गॅरेजने, सगळं त्यात असतं. इथे चांगला मालक ती गाडीबरोबर देतो. वही नसेल तर मीटरवरच्या आकड्याला काहीच आधार नाही, कारण मीटरचा अख्खा संच बदलता येतो. निर्यातीच्या दाखल्यावर शेवटच्या शाकेनच्या वेळचे किलोमीटर असतात, तेही ताडून बघा.

बॉथेलकर

निशिकासाई, ही माहिती मला २०२१ मध्ये मिळायला हवी होती. माझ्या गाडीत वही नव्हती. मी विचारलंच नाही, कारण अशी वही असते हेच ठाऊक नव्हतं. आज पुन्हा घेतली तर वहीसाठी दोन-तीन हजार जास्त देईन.

मृण्मयी, तुम्ही बघत असलेल्या गाडीत ती आहे का, आजच विचारा. आणि टर्बोचं बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) कुणी वाढवलेलं नाही ना तेही. आर ३३ च्या टर्बोचं टर्बाइनचं चाक सिरॅमिकचं असतं. बूस्ट वाढवलं की ते फुटतं आणि एक्झॉस्टमध्ये जातं.

डोंबिवली फास्ट

वेगळा मुद्दा. या गाड्यांचे भाव वाढतच आहेत ना? मग दुरुस्तीचे पैसे विकताना वसूल होतील. खर्च कशाला मोजायचा?

बॉथेलकर

मला हे पटत नाही. भाव वाढलेत हे खरं, आणि निस्साननेही डिसेंबर २०१७ पासून निस्मो हेरिटेज या नावाने आर ३२ जीटी-आरचे काही बंद झालेले पार्ट्स पुन्हा काढायला सुरुवात केली. टोयोटाने सुप्राच्या दोन पिढ्यांसाठी तेच केलं. पण पुन्हा काढलेला पार्ट पूर्वीच्या भावात मिळत नाही. आणि वेल्डिंगचे माझे २,९०० घेणारा देत नाही, त्याच्या दृष्टीने पत्रा शाबूत असणं गृहीतच आहे. विकून पैसे वसूल होतील म्हणून घेणारा माणूस काम लांबणीवर टाकतो, आणि तीच गाडी पुढच्याच्या गळ्यात पडते. खर्च गेला असं धरूनच घ्यावी.

मृण्मयी (एडिसन)

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. २४,००० च्या गाडीत किरोकुबो नाही. विचारल्यावर "हरवली असेल" इतकंच उत्तर. खालचा भाग बघायला लिफ्ट मागितली तर टाळाटाळ. सोडून दिली.

दुसरी बघितली, मेरीलँडमध्ये एका मालकाकडे. १९९४ ची, २७,५००. वही आहे, जाड, शिक्के मारलेली. रंग उन्हाने विटलाय, सीटची कड फाटलीय, पण लिफ्टवर खालून कोरडी आणि काळा थर नाही, कंपनीचा मूळ रंग दिसतो. पानांचे फोटो निशिकासाईंना व्यनिने पाठवले आहेत. टायमिंग बेल्टच्या ओळीत २१ असं वर्ष दिसतंय, म्हणजे २०२१ ला बदललाय का? मग पाच-सहा वर्षं तरी निर्धास्त ना?

निशिकासाई

मृण्मयी, थांब. ते २१ म्हणजे हेइसेई २१. जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष आहे. हेइसेईच्या आकड्यात १९८८ मिळवायचे. म्हणजे बेल्ट २००९ ला बदललाय, ८७,००० किलोमीटरला. बाकी वही मला चोख वाटते. सोळा वर्षांत आठ शाकेन, किलोमीटर प्रत्येक वेळी थोडे थोडे वाढत गेलेत, कुठे उडी नाही. २०१४ ला रेडिएटर बदललाय आणि कूलंटचे होजही, त्याच गॅरेजमध्ये. गाडी शिझुओकाची आहे, तिथे बर्फ जवळजवळ पडतच नाही.

बॉथेलकर

आता मीटरवर किती आहे?

मृण्मयी (एडिसन)

९८,०००.

बॉथेलकर

म्हणजे बेल्ट चाललाय फक्त ११,०००, पण रबराचं वय मोठं झालंय. किलोमीटरकडे बघू नका. घरी नेताना ट्रेलरवर न्या, चालवत नेऊ नका. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या यादीतून रेडिएटर आणि होज तुमचे कदाचित वाचतील, पण बेल्ट, वॉटर पंप, सील्स, टायर, ब्रेकचे होज धराच. तीन हजार डॉलर बाजूला ठेवून मगच मालकाशी किमतीचं बोला, आणि बेल्टची ही नोंद त्याला दाखवा.

शिरोली एमआयडीसी

पोरी, बेल्ट उघडाल तेव्हा वॉटर पंपाच्या मागच्या बाजूला पांढरट डाग आहे का बघ. तिथून झिरपत असेल तर कूलंट नीट बदललेलं नाही. आणि थर्मोस्टॅट नवा टाक, जुना पुन्हा घालू नको.

मृण्मयी (एडिसन)

काका, नक्की बघते. मालक २६,२०० ला तयार झाला, हेइसेईचा हिशोब दाखवल्यावर. गाडी पुढच्या शनिवारी ट्रेलरवर येतेय. बेल्टचं किट इथेच मिळालं, सील्स आणि थर्मोस्टॅट जपानहून निघालेत. किरोकुबोच्या शेवटी कोरी पानं उरली आहेत. तिथे पुढची नोंद मी मराठीत लिहिणार आहे.